सरव्याची वाट

मु. पळसखोरी, पो. मेडशी
१२ ऑक्टोबर

चतुरे, जय भीम.

तू म्हनशीन हे बया इतके महिने कुठी मेलती. मेली नोती, कामात होती. अन् फोन मी करत नाई ते तुले मालूम आहे. फोन केला का तुह्या घरात तुहा पोरगा विकास आयकते, माह्या घरात स्नेहाचा बाप आयकते, अन् बोलाचं ते पोटातच राह्यते. साक्षरता वर्गात आपन दोघी एका पाटीवर अक्षरं शिकलो ते काय निस्त्या सह्या कराले?

आता बातमी आयक. माही स्नेहा आली. पुन्याच्या कंपनीनं तिले सुट्टी देल्ली. मले वाटलं पोट्टी झोपा काढन, माह्या हातचं खाईन. कायचं काय! दुसऱ्याच दिवशी बर्डीवर जाऊन आली अन् म्हने, "आई, मी लोकायले ह्या बर्डीवर फिरवनार. शहरातले लोक सुट्टीत डोंगर चढाले पैसे देतात." मायवं! आमी त्या बर्डीवर काड्या वेचून कंबर मोडली, आमाले कोनं चहा बी पाजला नाई.

पन तिचं डोस्कं चालते बरं. सकाळी उजाडलं का मेडशीच्या स्टँडवर लोक उतरतीन. गावातून चालत, तुह्या देराच्या वावरातल्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, बर्डीच्या पायथ्याशी, तिथून माथ्यावर, अन् उन्हं तापाच्या आंदर माघारी. मंग आमच्या आंगनात भाकर, झुनका, ठेचा. अर्ध्या दिवसाचं काम. भाकरी बचत गटातल्या बाया थापतीन. मोबाइलवर तिनं काय टाकलं कोन जाने, दिवाळीनंतरच्या रविवारले पंचवीस लोकायनं नावं देल्ली.

हे आयकून तिचा बाप असा भडकला का बस. "जलमभर दुसऱ्याच्या वावरात राबून इले शिकवलं, ते डोंगर दाखवाले का?" दोन दिवस जेवला नाई नीट. शेवटी म्हने, "एक येळ करून दाखव. पन त्यातला एक जरी मानूस माथा न पाह्यता माघारी फिरला, तं तू नोकरीवर जाशीन अन् पुन्हा हे नाव काढनार नाई." पोट्टीनं त्याच्या हातावर हात मारला. तो बी पुंजाजी अन् हे बी पुंजाजीचीच लेक.

चतुरे, तुले सांगते, मले पोरगी घरी पाह्यजे. सनासुदीले येते तं पाव्हन्यावानी पिशवी भरूनच ठेवते. मले ते पिशवी पाह्यली का राग येते. तिले हे बोलली नाई, तू बी बोलू नको.

तुही
बेबी

•

पुणे
१७ ऑक्टोबर

बेबे, राम राम.

पत्र आलं तं सून दार उघडाच्या आंदर मीच धावली. मंजुषा म्हने, "आई, गुडघे!" मी म्हनलं, गुडघे गेले चुलीत, माह्या मैतरनीचं पत्र आलं.

तुही पोरगी हुशार आहे अन् तुहा नवरा बैलबुद्धी आहे, हे मी पयल्यापासून सांगून राह्यली. इथं येऊन पाह्य म्हना त्याले. इथं मी नवव्या मजल्यावर राह्यते. सकाळी लिफ्टनं खाली उतरून बागंत पंधरा म्हाताऱ्यायच्या मांगं गोल गोल फिरते. त्याले वॉक म्हनतात. खळ्यातला बैल फिरते तसंच, पन दाना काही निंघत नाई. शेजारचे देशमुख रिटायर झाले तवापासून दर सुट्टीत डोंगर चढाले जातात, अन् आले का आठ दिवस तेच सांगतात. असे लोक गंज, ढिगानं आहेत इथं. स्नेहाले म्हनाव, भिऊ नको.

अन् वाटेची काळजी तं करूच नको. जगदेव माहा देर. मी लग्न होऊन आली तवा तो चड्डीवर फिरे. माह्या हातच्या भाकरीवर मोठा झाला. "चतुरावहिनीनं सांगतलं" एवढंच म्हनजो. तो धुरा झाडून देईन, वरून पानी मारन.

पुंजाजीले माहा राम राम सांगजो अन् वरचा बैलाचा शब्द वाचून दाखवू नको.

तुही
चतुरा

•

पळसखोरी
२४ ऑक्टोबर

चतुरे,

तुहं नाव सांगतलं.

काल मी अन् स्नेहा जगदेवभाऊकडं गेलतो. वसरीवर खुर्ची टाकून बसलेला. मी म्हनलं, चतुरावहिनीनं सांगतलं. तो म्हने, "वहिनी पुन्यात आहेत. वावर इथं आहे." स्नेहानं नीट समजावून सांगतलं, लोक लायनीनं जातीन, कचरा होनार नाई, एक काडी मोडनार नाई. त्यानं सारं आयकून घेतलं अन् म्हने, "आज पंचवीस येतीन, उद्या पन्नास. पाच वर्षांनं म्हनसान इथं वहिवाट आहे. मंग तहसीलात माह्याच वावरात मी चोर ठरन." आता खोटं कायले बोलू, ह्या बोलन्यात थोडं तरी तथ्य आहे. मी मनात म्हनलं, समजून घेऊ.

पन मंग आमी उठलो अन् तो मांगून म्हने, "पुंजाजीची पोरगी आता आमाले वाट दाखवन!" वसरीवरचे लोक हासले. स्नेहा मांगं फिरली नाई. मी फिरली. काय बोलली ते इथं लिव्हत नाई, कागद खराब होईन.

आज सकाळी पाह्यलं तं धुऱ्याच्या वाटेवर बाभळीच्या फसाट्या आडव्या टाकल्या त्यानं. मानसाएवढाल्या काटेरी फांद्या. बर्डीच्या दुसऱ्या अंगाले मुरमाची खदान आहे, तिकडून शेळी बी चढत नाई. म्हनजे वाट तेवढी एकच.

स्नेहाचा बाप आज मिशीत हासताना मले दिसला. पोट्टी मोबाइल घेऊन ओट्यावर बसते अन् लोकायले "हो, नक्की या" म्हनते, अन् फोन ठेवला का तिचा चेहरा उतरते.

तू फोन कर त्याले. तुहं आयकन. नाई आयकलं तं मले लगेच कळव, म्हनजे दुसरं काही तरी पाहू.

बेबी

•

पळसखोरी
४ नोव्हेंबर

चतुराबाई,

दिवाळी झाली. भाऊबीज झाली. टपालवाल्याले इचारून इचारून त्यानं आता माह्या दारावरून जाच सोडलं.

समजलं मले. देर तो देर, मैतरीन ते मैतरीन. घरचं मानूस पाठीशी घालाचं असते, हे काय नवीन आहे? तू तसं लिव्हून टाकलं असतं तं बरं झालं असतं. मी राग धरला नसता. म्हनजे धरला असता, पन कमी.

रविवार आला. लोकायले नाई म्हनाव का काय, हे बी कोनाले इचारू?

बेबीताई

•

पुणे
७ नोव्हेंबर

बेबे,

"चतुराबाई" वाचलं अन् मी पलंगावर बसूनच राह्यली. तीस वर्षांत तू मले बाई नाई म्हनली वं. शिव्या देल्ल्या असत्या तं चाललं असतं.

आता आयक. मी फोन केलता. ज्या दिवशी तुहं पत्र आलं त्याच दिवशी. मोठ्या तोऱ्यात म्हनलं, जगदेव, फसाट्या काढ. तो काय म्हने मालूम आहे? "वहिनी, तुमी पुन्यात आराम करा. गावातलं तुमच्याच्यानं आता होत नाई." अन् फोन ठेवला. माह्या हातच्या भाकरी खाल्लेला पोरगा! विकास पुढं बसलेला. तो म्हने, "आई, काका बरोबर बोलले, तू कशाला त्यात पडतेस?" बेबे, मले इतकी लाज वाटली का तुले दोन ओळी लिव्हता आल्या नाईत. एवढ्या फुशारक्या मारल्या अन् तोंडावर आपटली. मी कोनाच्या बाजूनं नोती वं. मी तोंड लपवून बसली होती.

पन तुहं रागाचं पत्र आलं अन् डोस्कं चालाले लागलं. म्हनून हे पत्र आपल्या गावातल्या हेमलाच्या हातून पाठवून राह्यली. ते आज ट्रॅव्हल्सनं वाशीमले निंघाली, उद्या तुह्या हातात देईन.

जगदेव फोनवर आनखी एक बोलला होता, ऐटीत. त्याचं सोयाबीन लय झालं अन् शेवटलं पोतं बी कारंज्याच्या बाजारात गेलं. आता मले सांग, शेवटलं पोतं गेल्यावर वावर कोनाचं?

सरव्याचं!

उरलंसुरलं वेचाले कोनी बी यावं. इचारून याले लागत नाई. माही सासू कशी होती ते तुले सांगाले नको, पन सरव्याच्या बाईले तिनं बी कधी हटकलं नाई. हटकनारा त्या घरात जलमलाच नाई. अन् सरवा वेचनारी बाई कशी जाते? ह्या धुऱ्यातून शिरते अन् वाकत वाकत त्या धुऱ्यातून निंघते. बर्डी त्याच धुऱ्याले लागून आहे. फसाट्या वाटेवर आहेत बेबे, वावरावर नाईत.

पंचवीसच्या पंचवीस लोकायच्या हातात पिशव्या दे अन् वेचत वेचत ने. अन् सरव्याची वहिवाट कोनाच्या बापाले लावता येत नाई, त्यामुळं त्याची ते भीती बी मिटली. फक्त मधातली तूर उभी आहे, तिले कोनाचं बोट लागू देऊ नको. लागलं तं रीत तुले मालूम आहे, सारा सरवा मालकापुढं ओताचा.

आठोते का, तू लेकरू पाठीशी बांधून आमच्या वावरात सरव्याले आलती. मी नवी सून, धुऱ्यावर उभी. तू म्हनली, "उभी काय राह्यली वं बाई, वाक ना." मी वाकली. सासूनं घरी नेऊन लय झापलं, मालकाची सून सरवा वेचते का म्हने. तवापासून तू मले आवडते. आता पुन्हा बाई म्हनलं तं पाह्य.

चतुरा

•

पळसखोरी
११ नोव्हेंबर

चतुरे, चतुरे, चतुरे!

कुठून सुरू करू?

तुहं पत्र वाचून मी अन् स्नेहा अशा नाचलो का शेजारची खेमाची बायको पाहाले आली. लोक उतरले मेडशीले, सारेच्या सारे. अकोल्याचे, वाशीमचे, दोन पुन्याचे. रंगीबेरंगी टोप्या, डोळ्याले काळे चष्मे. स्नेहानं साऱ्यायले पिशव्या देल्ल्या अन् सरवा म्हनजे काय ते सांगतलं. अन् ठासून सांगतलं, तुरीले हात लावाचा नाई. स्नेहाचा बाप बी आलता सोबत, साऱ्यायच्या मांगं. कोन माघारी फिरते ते पाहाले! मी म्हनलं, या, बापा.

फसाट्यायच्या बाजूनं आमी वावरात शिरलो. मले वाटलं हे लोक दोन शेंगा उचलतीन अन् कंटाळतीन. अवं, ते तं तुटून पडले! खुंट पायाले टोचून राह्यले, ऊन चढून राह्यलं, पन एकमेकायले पिशव्या दाखवतात, "माझ्या बघा, माझ्या बघा." वाशीमचे एक साहेब, एवढं पोट, ते वाकून वाकून लालबुंद झाले पन सोडत नाई. गावातले लोक धुऱ्यावर उभे राहून पाहाले लागले. जगदेवभाऊ लिंबाखाली बसलेला. त्यानं सारं पाह्यलं, पन बोलन काय? सरवा तो सरवा.

अर्धं वावर झालं. बर्डी पुढं दिसून राह्यली. अन् चतुरे, घात झाला. अकोल्याच्या एका बाईनं तुरीचा फुलोरा पाह्यला, पिवळाधम्मक. तिले वाटलं रानातली फुलं. कचकन फुलाची डांगी मोडली अन् केसात खोवली. तिचं पाहून तिच्या बहिनीनं मोडली. वरून फोटो काढून राह्यल्या.

जगदेवभाऊ तीरासारखा आला. "सरवा म्हनता अन् उभ्या तुरीले हात घालता? निंघा! साऱ्यायनं निंघा!" त्याचं चूक नोतं वं. तेच तं दुखलं. एका डांगीले किती शेंगा लागतात ते आपल्याले मालूम आहे. ते बाई रडकुंडीले आली. म्हने, "मला खरंच माहीत नव्हतं हो." वाशीमचे साहेब म्हनाले, "चला, परत जाऊ. सुट्टीच्या दिवशी भांडण कशाला?" अन् ते वळले. दोन-तीन लोक त्यायच्या मांगं वळले. गेली माही पोरगी, म्हनलं.

आता पाह्य काय झालं ते. स्नेहा जगदेवभाऊशी एक शब्द भांडली नाई. आपली ओढनी काढली, त्याच्या पुढ्यात जमिनीवर आथरली अन् पयले आपली पिशवी त्यात ओतली. म्हने, "काका, चूक आमची आहे. रीत आहे ती पाळतो." अन् लोकायले म्हने, "सगळ्यांनी ओता." एकेकानं येऊन ओतलं. दोन घंट्याचं वेचलेलं, वं! एवढी रास झाली. त्या अकोल्याच्या बाईनं केसातली डांगी काढून वरती ठेवली अन् हात जोडले.

जगदेवभाऊ त्या राशीकडं पाह्यत उभा. धुऱ्यावर सारं गाव उभं. मंग आपला खेमा, जो कधी तोंड उघडत नाई, तो म्हने, "जगदेवभाऊ, उचला मंग. कोन्या मालकानं सरवा घरी नेला ते आमी बी पाहू."

नेईन कसा? तुह्या सासूच्या घरात असं झालंच नाई कधी. रीत आमी पाळली, आता त्याची बारी होती. त्याचं तोंड असं झालं, कधी राशीकडं पाह्यते, कधी स्नेहाकडं. मंग खाली वाकला, ओढनीचे चारी पदर धरून स्वतः गाठ मारली अन् गठोडं स्नेहाच्या हातात देल्लं. म्हने, "घे. माह्या मायचं नाव राहू दे." अन् थोडं थांबून म्हने, "तिकडून जाऊ नका, मुरूम घसरते. माह्या मांगून या."

माह्या मांगून या म्हने, चतुरे! अन् गेला ना पुढं! काठीनं काटे बाजूले सारत साऱ्यायले बर्डीवर घेऊन गेला. माथ्यावर पोचलो तं वारा असा सुटला का टोप्या धराव्या लागल्या. खाली मेडशीचा रोड, बोटाएवढ्या एसट्या, चारी अंगानं पिवळी तूर. शहरातले लोक टाळ्या वाजवाले लागले. आपल्या बर्डीले टाळ्या! इतके वर्षं त्या माथ्यावर मी गेली, पन खाली वाकून काड्याच पाह्यल्या. काल पयल्यांदा कंबर सरळ करून चहूकडं पाह्यलं. लय सुंदर आहे वं आपलं गाव.

उतरल्यावर सारे आंगनात जेवाले बसले. जगदेवभाऊ फाटकापाशी घुटमळला. आमच्या आंगनात त्यानं कधी पानी घेतलं नोतं, ते तुले बी मालूम आहे. स्नेहानं सतरंजीवर सरकून जागा केली अन् म्हने, "काका, बसा, भाकर गरम आहे." बसला. दोन भाकरी खाल्ल्या. ठेचा तिखट लागला तं डोळे पुसले, का दुसऱ्या कशानं पुसले, मी इचारलं नाई. जाता जाता म्हने, सोयाबीन निंघालं का दरसाल या, अन् बाकी महिने नाल्याच्या काठाकाठानं माह्या वावरातून एक वाट आहे, कोनाले मालूम नाई, ते मी दाखवतो.

आता उठते, भांडे पडले आहेत.

तुही बेबी

•

पुणे
१५ नोव्हेंबर

अवं बेबे, तुले अक्कल आहे का?

एवढं मोठं पत्र लिव्हलं, टोप्या लिव्हल्या, ठेचा लिव्हला, अन् मुद्द्याचं लिव्हलंच नाई! वाशीमचा तो पोटवाला साहेब माघारी वळला होता ना? मंग तो गेला का राह्यला? पुंजाजीनं काय केलं? पोरगी राह्यली का पुन्याले आली? मी चार येळा पत्र उलटून पाह्यलं, मांगच्या बाजूले बी काही नाई. मंजुषानं बी वाचलं. विकासनं बी वाचलं, अन् तो बी इचारून राह्यला, "मग पुढं काय झालं?" काकायची बाजू घेनारा!

जगदेवनं गाठ मारली ते वाचून मी रडली. त्याचा फोन आला होता परवा. इकडचं तिकडचं बोलला, मंग म्हने, "वहिनी, सरव्याचं तुमीच सांगतलं ना त्यायले?" मी म्हनलं, मी तं पुन्यात आराम करून राह्यली. हासला गधा.

लवकर लिव्ह. माह्या जिवाले घोर लावून भांडे घासाले गेली हे बया.

चतुरा

•

पळसखोरी
२० नोव्हेंबर

चतुरे,

माफ कर वं. आनंदात मानूस असंच करते.

तो साहेब वळला होता, खरं आहे. चार पावलं गेला बी होता. पन मांगं कोन उभं होतं? स्नेहाचा बाप. मी पाह्यलं अन् म्हनलं, झालं, आता हा बाजूले सरन अन् त्यायले जाऊ देईन. याले तं तेच पाह्यजे होतं. एक मानूस गेला का याची शर्त जिंकली.

त्यानं साहेबाचा दंड धरला, चतुरे! म्हने, "साहेब, कुठी चालले? माही पोरगी बोलून राह्यली ना तिकडं? थांबा जरा." साहेब म्हनाले, अहो पण भांडण... तं हा म्हने, "भांडन नाई होत. ते माही पोरगी आहे." अन् दोन्ही हात पसरून वाट अडवून उभा राह्यला. एकाले जाऊ देल्लं नाई. स्वतःची शर्त स्वतःच हारला, अन् नंतर साहेबाची पिशवी खांद्यावर घेऊन त्याले माथ्यापर्यंत हाताले धरून नेलं.

त्या सांजेले जेवन झाल्यावर तो स्नेहाले म्हने, "तुह्या कंपनीतल्या साहेबाले फोन लाव." तिले वाटलं आता निंघाची तारीख सांगाची. तिनं फोन लावला. यानं तिच्या हातून घेतला. उभा राह्यला, टोपी नीट केली, अन् मोठ्यानं म्हने, "साहेब, मी पुंजाजी बोलतो, स्नेहाचा बाप. तुमचे लय उपकार झाले. पन आता ते येत नाई. तिले इथं गंज काम आहे."

तिकडून काही तरी इचारलं असन. हा म्हने, "नाई नाई. जबरदस्ती नाई. तिच्या मनानं राह्यली."

फोन ठेवला अन् माह्याकडं पाह्यलं बी नाई त्यानं, बाहेर निंघून गेला. स्नेहा आतल्या खोलीत गेली, खुंटीवरची पिशवी काढली अन् एकेक कपडा काढून घड्या कपाटात ठेवाले लागली. मी दारात उभी राहून पाह्यत होती. मले म्हने, "आई, उभी काय आहेस, ये ना."

मी गेली. दोघीनं मिळून ठेवले.

पोरगी घरी राह्यली, चतुरे. माही पोरगी घरी राह्यली.

तुही
बेबी